गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर : नाटक मंडळीतील वर्षे आणि सांगलीची तालीम

सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव आता वर्षाचा बहुतेक काळ साळावली धरणाच्या जलाशयात असते. मे महिन्यात पाणी ओसरले म्हणजे घरांची जोती, वाळलेल्या झाडांचे बुंधे आणि श्रीसोमेश्वराचे देवालय उघडे पडते. पुनर्वसनात वाडें व वाळकिणी येथे जाऊन राहिलेली कुटुंबे त्या थोड्या दिवसांत मूळ गावी येतात, देवाचा उत्सव करतात, ख्रिस्ती बांधव आपल्या कपेलाचे फेस्त करतात, आणि पाऊस लागला की गाव पुन्हा पाण्याखाली जाते. गावातील महादेवाचे कदंबकालीन पाषाणमंदिर मात्र पुरातत्त्व खात्याने दगडन् दगड सुटा करून दुसऱ्या जागी पूर्ववत उभारले. देवाचे घर हलविता आले. ज्या घरात मोगू नावाची मुलगी १५ जुलै १९०४ रोजी जन्मास आली ते घर हलविण्याचा प्रश्न कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. त्याच्या भिंती तेथेच राहिल्या.

पुढे गानतपस्विनी म्हणून हिंदुस्थानभर कीर्ती पावलेल्या मोगूबाई कुर्डीकरांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. परंतु त्या लेखनाचा ओघ बहुधा अल्लादियाखांसाहेबांच्या भेटीपासून सुरू होतो. त्यापूर्वीची नाटकातील वर्षे चार ओळींत आटोपली जातात, आणि त्या वर्षांत त्या नृत्यही शिकल्या होत्या ही गोष्ट एखाद्या कंसात राहते. वस्तुतः या स्त्रीच्या गायनातील जो गुण जाणकारांनी सर्वांत अधिक वाखाणला, तो म्हणजे लयीवरील अढळ प्रभुत्व, त्याचे मूळ शोधावयाचे तर याच उपेक्षित वर्षांकडे वळावे लागते.

मोगूच्या मातोश्री जयश्रीबाई. ज्या समाजातील स्त्रियांनी गोमंतकाच्या देवालयांत पिढ्यान्‌पिढ्या गायन-नर्तनाची सेवा केली, त्या कलावंत समाजातील त्या होत. महाजन मंडळींना ही व्यवस्था विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. पालखीपुढे गाणे, सभामंडपात उत्सवाच्या रात्री नाचणे हे कलावंतिणींचे काम. दिवाबत्ती व झाडलोट हे भाविणींचे. या सेवेबद्दल धान्य, थोडे वेतन किंवा जमिनीचे उत्पन्न मिळे. देवस्थानाचा कारभार पोर्तुगीज अमदानीत माझानियांच्या नियमांनी बांधलेला होता. महाजनाचा अधिकार यादीत नोंदलेल्या घराण्यांतील पुरुषांकडे वंशपरंपरेने चाले. सेवा करणाऱ्या घराण्यांना या यादीत स्थान नव्हते, आणि स्त्रियांना तर नव्हतेच. देवापुढे जिचा स्वर प्रथम उमटे, तिला देवालयाच्या कारभाराविषयी एक शब्दही बोलता येत नसे. आज हे वाचताना कोणासही संकोच वाटेल. पण तो वाटला तरी लिहिणे प्राप्त आहे, कारण मोगूबाईंच्या आयुष्याचा आरंभ तेथूनच होतो.

जयश्रीबाईंना स्वतःस गाण्याची जाण होती आणि मुलीचा गळा त्यांनी वेळीच ओळखला. मोगू नऊ-दहा वर्षांची असताना त्यांनी तिला जांबावलीस नेले. कुशावती नदीच्या काठचे जांबावलीचे श्रीदामोदराचे देवस्थान आणि तेथील गुलालोत्सव सर्वश्रुत आहेत. त्या काळी तेथील उत्सव म्हणजे कीर्तन, गायन, नाटक यांची एक शाळाच होती. येथे मोगूला काही भजने व पदे शिकावयास मिळाली. शिकविणारे एक फिरते हरिदास होते, त्यांचा मुक्काम हलला आणि शिकवणीही थांबली.

त्यानंतर आईने मुलीला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत ठेवले. केपे तालुक्यातील पारोडे येथील पर्वतावर चंद्रेश्वर भूतनाथाचे पुरातन देवस्थान आहे, त्याच देवाचे नाव या मंडळीने घेतले होते. हा काळ गोव्यात नाटकाच्या उत्साहाचा होता. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरिक म्हणून समान हक्क मिळाले, आणि शाळा, वाचनालये, नाटक मंडळ्या यांना जोर आला. सीमेपलीकडे महाराष्ट्रात १९१३ साली बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. मंगेशीचे दीनानाथ, जे पुढे मास्टर दीनानाथ झाले, ते मोगूपेक्षा अवघे साडेतीन वर्षांनी मोठे. देवालयाच्या प्रांगणातील हौशी नाटकापासून व्यवसायाच्या रंगभूमीपर्यंतची वाट गोमंतकातील अनेक मुलांनी त्या वर्षांत चालून काढली. मुलींना ती वाट फार अरुंद होती. बहुसंख्य कंपन्यांत स्त्रीपात्रे पुरुषच करीत.

मोगूला बालभूमिका मिळू लागल्या आणि १९१४ मध्ये जयश्रीबाई निवर्तल्या. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. मुलीने मोठी गायिका व्हावे, तोवर आपल्या जीवास शांती नाही, असे त्या मृत्युशय्येवर बोलल्या अशी आठवण सांगितली जाते. शब्द कसे असतील ते असोत. मोगूने पुढील वीस वर्षे ज्या हट्टाने गुरूंचे उंबरठे झिजविले, त्याचा उगम त्या क्षणात असावा हे मानण्यास हरकत नाही. त्याच सुमारास कंपनी कर्जात बुडून बंद पडली. आई गेली आणि आईने शोधून दिलेला आश्रयही गेला.

पुढचा आश्रय म्हणजे सातारकर स्त्री संगीत मंडळी. बालगंधर्वांच्या अमलात स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांचा महिमा इतका वाढलेला होता की, त्याच काळी सर्व भूमिका, राजापासून विदूषकापर्यंत, स्त्रियाच करीत अशा काही कंपन्या महाराष्ट्रात हिंडत होत्या, याचा आता विसर पडला आहे. बेळगावकरांची, मनोहर यांची, सातारकरांची, अशा या स्त्री मंडळ्या. प्रतिष्ठित टीकाकारांनी त्यांना फारसे जवळ केले नाही. पण ज्या मुलींना घर नव्हते, आणि गाणे सोडावयाचे नव्हते, त्यांच्यासाठी या कंपन्या म्हणजे घर, शाळा व पोट भरण्याचे साधन असे सारे एकत्र होते.

येथे मोगूने अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ नाटकात सुभद्रेची आणि गडकऱ्यांच्या ‘पुण्यप्रभाव’ नाटकात किंकिणीची भूमिका केली. ‘सौभद्र’ १८८२ पासून रंगभूमीवर होते. त्यातील पदे प्रेक्षकांना पाठ असत आणि एखादी जागा चुकली तर ती लगेच ध्यानात येई. ‘पुण्यप्रभाव’ १९१६ चे, म्हणजे त्या दिवसांत अगदी नवे नाटक. सुभद्रा ही गाणारी नायिका, किंकिणी ही विनोदी भूमिका. एकीला स्वर हवा, दुसरीला बोलण्यातील चपळाई व वेळेचे अचूक भान हवे. विनोदी वाक्य अर्धा क्षण उशिरा पडले तर हशा जातो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने ही दोन्ही कामे करून दाखविली, यावरून तिच्या तयारीची कल्पना यावी.

याच कंपनीत चिंतूबुवा गुरव यांनी तिला गाणे शिकविले. दत्तारामजी नानोडकर यांच्याकडून गझल मिळाली. आणि रामलाल नावाच्या शिक्षकाकडून कथक नृत्याची तालीम मिळाली.

या शेवटच्या गोष्टीपाशी थोडे थांबणे अगत्याचे आहे. कथक शिकणाऱ्यास प्रथम तत्कार शिकवितात. एकाच जागी उभे राहून पायांनी त्रितालाच्या सोळा मात्रा वाजवावयाच्या. मग तेच दुप्पट, मग चौपट. मधून तिप्पट किंवा आडी लय. मग तिहाई, की जिचा तिसरा शेवटचा घात नेमका समेवर पडला पाहिजे. हे करीत असता मोजणी बोटांवर चालत नाही, ती पायांत व श्वासांत उतरावी लागते. नर्तकी समोर हसते आहे, हात वेगळे काही सांगत आहेत, आणि पाय मात्र कालाचे सूक्ष्म विभाग न चुकता मोजीत आहेत, अशी ही विद्या आहे. लहान वयात हे अंगात मुरले तर ते जन्मभर जात नाही.

तिच्या भोवतीच्या प्रदेशातही तालाची जाण कमी नव्हती. आपल्या देवालयांतील आरतीच्या वेळचे घुमट, शामेळ व कांसाळे यांचे सुंवारीवादन ज्याने बालपणापासून ऐकले, त्याच्या कानास लयीचे गुंतागुंतीचे खेळ परके वाटत नाहीत. ज्या पर्वतावरील देवाचे नाव मोगूच्या पहिल्या कंपनीने धारण केले, त्याच पर्वताचे नाव ज्यांच्या आडनावात आहे ते लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हे तबल्यातील अलौकिक पुरुष. हातांनी एक, पायांनी दुसरा व मुखाने तिसरा ताल एकाच वेळी चालविण्याचे त्यांचे प्रयोग ऐकून मोठमोठे उस्ताद थक्क होत. खाप्रूमामांनी मोगूला शिकविले असे येथे म्हणावयाचे नाही. जे पाणी त्यांनी प्यायले तेच तिनेही प्यायले, एवढेच.

पुढे मोगूबाईंनी ज्या गायकीची उपासना केली, ती जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी. या गायकीत विलंबित लय अतिसंथ नसते. ठेका मध्यम गतीने चालतो आणि गायकाने आलाप असो वा तान, प्रत्येक स्वरवाक्य मात्रेच्या पाव-अर्ध्या अंशाशी बांधून न्यावयाचे असते. स्वर ठेक्यावर मोकळा सोडून नंतर सम गाठावयाची, ही सवलत येथे नाही. गोड गळ्याचे अनेक विद्यार्थी या ठिकाणी अडखळले. मोगूबाई अडखळल्या नाहीत, इतकेच नव्हे तर तबलजीने कितीही आडवळणे घेतली तरी त्यांचा तोल ढळत नसे अशी ख्याती झाली. याचे श्रेय खांसाहेबांच्या तालमीस आहेच. पण ज्या शरीराने पंधरा वर्षांपूर्वीच तत्कार केला होता त्याही शरीरास आहे. गायिकेने पूर्वी नृत्य केले हे सांगण्यास एके काळी लोक लाजत, चरित्रकारही त्यावरून पाय उचलून पुढे जात. त्यामुळे कार्यकारणाचा हा धागा हातचा सुटला.

सातारकर मंडळीतील वास्तव्य सुखाने संपले नाही. कंपनी चालविणाऱ्यांशी वितुष्ट आले आणि मोगूला ती सोडावी लागली. ती गोव्यास परतली, आजारी पडली, आणि उपचारासाठी नातलगांनी तिला सांगलीस नेले. सांगली त्या काळी वैद्यक व नाटक या दोहोंचे केंद्र होते. वैद्य आबासाहेब सांबारे यांचा लौकिक दूरवर पसरलेला होता. प्रकृती सुधारू लागल्यावर तेथे इनायतखां पठाण यांच्याकडे तिचे शिक्षण चालू झाले, पण तेही लवकरच खंडित झाले. गुरू नाही म्हणून तिने मेहनत मात्र थांबविली नाही. मिळाले होते तेच ती रोज घोटीत बसे.

१९१९ च्या सुमारास कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखां हेही औषधोपचारासाठी सांगलीत होते. रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर त्यांच्या कानी एका मुलीचा रियाज पडे. एके दिवशी ते घरात आले, गाणे ऐकले आणि स्वतः होऊन शिकवावयास बसले. हे वृद्ध गृहस्थ कोण, हे काही दिवस मोगूला ठाऊकही नव्हते असे सांगतात. खांसाहेबांचे वय तेव्हा साठीच्या पलीकडे होते, त्यांच्याकडे शिकावयास मिळावे म्हणून धनिक लोक पैशाच्या थैल्या घेऊन उभे असत. त्यांनी एका अनाथ मुलीला स्वतः होऊन तालीम दिली. सुमारे दीड वर्ष हा क्रम चालला.

छत्रपती शाहू महाराजांचे १९२२ मध्ये निधन झाले आणि त्यानंतर खांसाहेब मुंबईस स्थायिक झाले. मोगूबाईही त्यांच्यामागून मुंबईस आल्या. तेथे त्यांच्या वाट्यास जे आले ते सांगलीच्या अगदी उलट होते. मुंबईतील श्रीमंत आश्रयदाते उस्तादांस करारांनी बांधून घेत. अमक्यास शिकवावे, अमक्यास शिकवू नये, अशा अटी त्यांत असत. १९२१ पासून खांसाहेबांची तालीम केसरबाई केरकर यांना सुरू झालेली होती. केसरबाई फोंडा महालातील केरीच्या, मोगूबाईंहून बारा वर्षांनी मोठ्या, आणि त्यांनीही लहानपणापासून अनेक गुरूंकडे वणवण केलेली. दोघीही गोमंतकाच्या, दोघीही देवालयांच्या सावलीत वाढलेल्या, आणि एकाच गुरूच्या दारात एकीसाठी दार उघडे तर दुसरीस बंद, असा हा विचित्र योग होता. यात केसरबाईंस दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्या विद्येवर आपले सारे जीवित अवलंबून आहे ती वाटली गेली तर आपली किंमत उतरेल, ही भीती त्या काळच्या प्रत्येक गाणाऱ्या स्त्रीस होती, कारण विद्येखेरीज तिच्याजवळ दुसरी मालमत्ता नव्हती.

मोगूबाईंनी मग आग्रा घराण्याच्या बशीरखां यांच्याकडे व नंतर विलायत हुसेनखां यांच्याकडे शिक्षण घेतले. आग्रा घराणे म्हणजे बोलअंग व लयकारी यांचे घराणे. तेव्हा ही वर्षे वाया गेली असे समजण्याचे कारण नाही. परंतु आपण घडविलेल्या गळ्यावर दुसऱ्या घराण्याचा रंग चढावा हे अल्लादियाखांसाहेबांस रुचले नाही. स्वतः शिकविणे शक्य नव्हते म्हणून त्यांनी आपले बंधू हैदरखां यांच्याकडे मोगूबाईंस सोपविले. हैदरखांनी मनापासून शिकविले. कालांतराने त्यांनाही मुंबई सोडावी लागली, आणि मोगूबाई पुन्हा गुरुविना उरल्या.

अखेर १९३४ मध्ये खांसाहेबांनी त्यांना गंडा बांधला. सांगलीतील त्या पहिल्या दिवसापासून जवळजवळ पंधरा वर्षे लोटली होती. मोगूबाईंस तिसावे वर्ष लागले होते, त्या गृहिणी व माता झाल्या होत्या. १६ मार्च १९४६ रोजी खांसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत ही तालीम अखंड चालली.

पुढील कीर्ती सर्वांस ज्ञात आहे, तिचा विस्तार नको. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. बबनराव हळदणकर, कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, पद्मा तळवलकर, सुहासिनी मुळगांवकर अशी शिष्यपरंपरा उभी राहिली. ‘घरंदाज गायकी’कार वामनराव देशपांडे हेही त्यांच्याकडे शिकले. १० फेब्रुवारी २००१ रोजी त्या मुंबईत निवर्तल्या. तोवर कुर्डी बुडून पंधरा वर्षे होत आली होती.

ही कीर्ती होत असताना त्यांच्या वाट्यास कसा मान आला, याचीही नोंद घ्यावयास हवी. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर तंबोरा घेऊन आईच्या मागे बसत आणि दौऱ्यांवर बरोबर जात. उतरण्याची जागा, जेवणाची व्यवस्था, बिदागी या प्रत्येक बाबतीत आईला पुरुष कलावंतांहून कमी लेखले गेले, हे त्या बालवयात पाहिलेले दृश्य किशोरीताईंनी पुढे अनेकदा बोलून दाखविले. स्वतःच्या मैफलींत त्यांनी जो करडा शिष्टाचार पाळावयास लावला, आणि ज्याबद्दल त्यांना तऱ्हेवाईक म्हटले गेले, त्याचे कारण त्या दिवसांत होते. मोगूबाई स्वतः मात्र या विषयावर क्वचितच बोलत.

आपल्या देवस्थानांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या अद्याप पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहेत. मोडी, मराठी व पोर्तुगीज अशा तिन्ही लेखनांत त्या आढळतात. त्यांत तेल, वात, धान्य, वाजंत्री यांच्या ओळींमध्ये गाणारणींस दिलेल्या रकमा असतात, कोठे नावासह, कोठे नावाशिवाय. वाळवी लागण्यापूर्वी ही पाने कोणीतरी उतरून घेतली पाहिजेत. जयश्रीबाईंसारख्या स्त्रियांचा लेखी पुरावा राहिलाच असेल तर तो तेथेच.

मोगूबाईंच्या शिकविण्याच्या रीतीविषयी किशोरीताई एक गोष्ट सांगत. आई बंदिशीची ओळ दोन वेळा म्हणून दाखवीत, तिसऱ्यांदा म्हणत नसत. त्या दोन वेळांत स्वर, शब्दांची फेक व लयीतील जागा टिपून घ्यावी लागे. नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात, पुढल्या गावास निघण्यापूर्वीच्या एक-दोन तासांत, ज्या मुलीने चिंतूबुवांची पदे व रामलालांचे बोल उचलले होते, तिला तिसऱ्यांदा ऐकावयास कधी मिळालेच नव्हते.